दोन रिंगा

मोडेमवर 'सीडी' अशी अक्षरं लिहिलेला एक हिरवा दिवा असतो. पलीकडच्या मोडेमचा सूर ऐकू येत असेपर्यंत तो पेटलेला राहतो आणि सूर तुटला की विझतो. विझण्याआधी तो मंद होत नाही, लुकलुकतही नाही. असतो, मग नसतो. या दोन्हींच्या मध्ये मला कधी काही दिसलेलं नाही, आणि मी पुष्कळ वेळ बघितलं आहे.

धुळ्याच्या आठ मोडेमचे दिवे मला जळगावातून दिसत नसत. मला दिसायच्या त्या लॉगमधल्या ओळी. कोण जोडलं गेलं, कधी जोडलं गेलं, कधी सुटलं आणि का सुटलं. शेवटच्या रकान्यात बहुधा एकच कारण असे: ग्राहकाने स्वतः बंद केलं. अलफियाच्या नावापुढे मात्र त्या नोव्हेंबरात रोज दुपारी दुसरं कारण यायला लागलं. सूर हरवला.

दोन हजार तीन साल होतं. बन्सीलालभाऊंच्या डाळमिलच्या मागच्या खोलीत आमची इंटरनेट कंपनी होती. चोवीस टेलिफोन लाइन, चोवीस मोडेम, दोन सर्व्हर. मिलमधली पिवळी पूड खिडक्या बंद असल्या तरी आत यायची आणि मोडेमच्या फटींत बसायची. दर सोमवारी मी रंगाच्या ब्रशने ती झाडायचे. एम.एस्सी.ला माझं भौतिकशास्त्र होतं. झाडणं त्यात नव्हतं, पण ग्राहकांच्या तक्रारी घेणं आणि बिघाड शोधणं हे मला त्याच विषयाचं पुढचं प्रकरण वाटायचं.

धुळ्याच्या खोलीत माणूसच नव्हता. तिथला एखादा मोडेम अडकला की मी खालच्या सायकलवाल्याला फोन करायचे, मग तो हातातलं पंक्चर सोडून वर जायचा आणि मी सांगेन त्या डब्याचं बटण बंद करून चालू करायचा. एकदा त्याने चुकून सगळेच बंद केले होते. बन्सीलालभाऊ तेव्हापासून माझ्या मागे लागले होते.

"नूतन, तू धुळ्याची. तिथे घर, आई. केंद्र तूच सांभाळ. नाहीतर मी एकतीस डिसेंबरला खोली सोडून देतो. माणसाशिवाय केंद्र चालत नाही."

"दुसरं कोणी चालेल का?"

"कामाचं माणूस आण, चालेल. पण आधी तुझं सांग. येस की नो?"

"भाऊ, तिथला एक बिघाड सापडत नाहीये. तो सापडला की सांगते."

"अगं, बिघाडाचा आणि तुझा काय संबंध?"

हा प्रश्न त्यांनी सहज विचारला होता. मीही तो सहजच सोडून दिला.

खरं असं होतं की मला उत्तर माहीत नव्हतं, किंवा माहीत होतं आणि उच्चारता येत नव्हतं. जळगावात माझी एक भाड्याची खोली होती. सकाळी मी मेहरूणच्या तळ्यापर्यंत चालत जायचे आणि परत यायचे. वाटेत मला कोणी विचारायचं नाही की कुठे चाललीस. मला तिथे कसलं दुःख नव्हतं आणि धुळ्यातही नव्हतं. पण आई एकटी असताना 'मला इथे एकटीला बरं वाटतं' हे वाक्य मुलीने कुठे ठेवायचं, ते मला समजत नव्हतं. दिवाळीत घरी गेले तेव्हा आईला केंद्राबद्दल सांगून टाकलं होतं. ती एकदम उजळली. मी म्हणाले, "बघते." तेवढ्यावर ती थांबली. माझ्या 'बघते'ला वेळ लागतो हे तिला ठाऊक होतं.

आईकडे टेलिफोन नव्हता. धुळ्यात सहाव्या गल्लीत आमच्या घराला लागून असलमभाईंचं घर आहे, मधली भिंत एकच. फोन त्यांच्याकडे. मी चार वर्षांपूर्वी विद्यापीठात शिकायला जळगावला आले तेव्हा आईने आणि असलमभाईंच्या आईने, अमिनाखालांनी, मिळून एक पद्धत ठरवली. दुपारी डबा खाऊन झाला की मी त्यांच्या नंबरवर फोन लावायचा आणि दोन रिंगा वाजल्या की ठेवून द्यायचा. दोन म्हणजे मी बरी आहे. एकच रिंग दिली तर मी येतेय. फोन वाजतच राहिला तर उचलायचा, काहीतरी झालं आहे. खाला दिवसभर आतल्या खोलीत फोनशेजारी पलंगावर असत. जितक्या रिंगा वाजतील तितके ठोके त्या आपल्या काठीने भिंतीवर मारत, आणि पलीकडे आईला माझी खुशाली कळे. फोन कोणी उचलत नसल्यामुळे पैसे लागत नसत. आणि बोलावंही लागत नसे. सुरुवात पैशांमुळे झाली होती. नोकरी लागल्यावरही आम्ही तेच चालू ठेवलं.

असलमभाई लग्नपत्रिका करतात. पुढच्या खोलीत दुकान. त्यांची मुलगी अलफिया बी.एस्सी. होऊन घरीच होती; कॉम्प्युटरवर पत्रिका जुळवायचं काम ती करायची. मीच त्यांना आमचं कनेक्शन घ्यायला लावलं होतं. पत्रिकांच्या फाइली मालेगावच्या छापखान्यात दुपारी दोनच्या आत पोचल्या तर त्याच दिवशी छपाईला लागत. एक फाइल जायला पंधरा-वीस मिनिटं लागायची. मध्ये तुटलं की पुन्हा शून्यापासून.

"नूतनताई, आज परत."

"किती टक्के झालं होतं?"

"एकसष्ट. एक वाजून तेहतीस मिनिटांनी. तुमच्यासाठी घड्याळ बघूनच ठेवलंय."

"तुटण्याआधी काही आवाज?"

"आवाज कसा येईल? स्पीकर तुम्हीच बंद करायला लावलात ना. अब्बा म्हणायचे, दुकानात मांजर रडतंय."

"वायर हलली?"

"ताई, मी श्वाससुद्धा हळू घेते."

मी क्रमाने गेले. आधी तिच्या मोडेमचा वेग कमी करायला लावला. मग मोडेम बदलून दिला. भिंतीतल्या खोक्यापासून नवी वायर टाकून घेतली. आमच्या बाजूचे आठही मोडेम तपासले. ती दर वेळी वेगळ्याच मोडेमवर येत होती, म्हणजे दोष आमच्या एखाद्या डब्यात नव्हता. गल्लीच्या टोकाला पिठाची गिरणी आहे, तिची मोटर सुरू होताना लाइनवर खरखर येत असेल असं वाटलं. असलमभाईंनी गिरणीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, दुपारी एक ते चार मी घरी झोपतो, माझी मोटरही झोपते.

मी एक वही केली. चोवीस दिवस नोंदी ठेवल्या. मालेगावचा छापखाना शुक्रवारी बंद, ईदच्या दिवशी दुकान बंद. ते दिवस वगळून वीस दिवस अलफियाने फाइल पाठवली होती. सोळा दिवस तुटलं, चार दिवस तुटलं नाही. तुटण्याची वेळ ठरलेली नव्हती. कधी एक चोवीस, कधी एक सेहेचाळीस. एखादं यंत्र आपोआप सुरू होत असतं तर वेळ इतकी सरकली नसती. न तुटलेले चार दिवस म्हणजे तीन रविवार आणि एक बुधवार. रविवारचं मी असं समजून घेतलं की त्या दिवशी टेलिफोनवर वर्दळ कमी. बुधवारापुढे प्रश्नचिन्ह काढलं. रोज ते चिन्ह बघायचे आणि ते मला दिवसेंदिवस मोठं वाटू लागलं.

आणखी एक गोष्ट जुळत नव्हती. अलफिया म्हणायची, मी सव्वा ते दोन ऑनलाइनच असते. पण त्याच सुमाराला मी रिंगा द्यायचे तेव्हा लाइन मोकळी असायची. मी स्वतः ऐकायचे. दिवाळीआधी कधीकधी एंगेज लागायचा, मग पाच मिनिटं थांबून पुन्हा लावावा लागायचा. दिवाळीनंतर एकदाही एंगेज नाही.

"अलफिया, तू म्हणतेस त्या वेळी तुझी लाइन मोकळी असते. मी रिंग ऐकते ना."

"असं कसं? मी तर बसलेली असते."

"मग लॉगिन झालेलं नसेल."

"टक्के मोजतेय ना ताई मी! लॉगिन नाही तर टक्के कुठून?"

ती खोटं बोलत नव्हती. माझ्या कानांवरही माझा विश्वास होता. दोन्ही मोजमापं खरी आणि एकत्र अशक्य. मी सर्व्हरचं घड्याळ तपासलं. बरोबर होतं. तिचं घड्याळ फोनवरून माझ्या घड्याळाशी लावून घेतलं. तेही बरोबर.

त्या महिन्यात मी एका रविवारी घरी जाऊन आले. तिथेही मला काही कळेना. आईने पुढच्या खोलीला चुना दिला होता. चुना दिवाळीआधी देतात. तिने दिवाळीनंतर दिला. धान्याच्या कोठ्या मागे हलवल्या होत्या. खिडकीजवळ नवं लाकडी टेबल, खाली सरकणारी फळी असलेलं. मला वाटलं, भाडेकरू ठेवायचा विचार आहे.

"आई, हे काय?"

"असू दे," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघून हसली. मीही हसले, कशाला ते न कळता. त्या रविवारी अलफियाची फाइल पहिल्याच फटक्यात गेली. मी शेजारी उभी होते.

"तुम्ही आलात की बरोबर चालतं," अलफिया म्हणाली.

"मशीन घाबरते हिला," खाला आतून म्हणाल्या. "मास्तरीण दिसते ना."

डिसेंबर अर्धा झाला. बन्सीलालभाऊंनी विचारणं बंद केलं. त्यांनी माझ्या टेबलावरच्या कॅलेंडरवर एकतीस तारखेभोवती लाल गोल काढून ठेवला, एवढंच. मी ठरवलं की आता कामाच्या दिवशी धुळ्याला जाऊन अलफियाच्या शेजारी बसायचं आणि दिवा स्वतःच्या डोळ्यांनी विझताना बघायचा.

मंगळवारी सकाळच्या एस.टी.ने निघाले. पारोळ्याला टायर बदलण्यात पाऊण तास गेला. सहाव्या गल्लीत पोचले तेव्हा एक वाजून गेला होता. आईचं दार पुढे ओढलेलं दिसलं, पण वेळ नव्हता. सरळ असलमभाईंच्या दुकानात शिरले.

अलफियाने लॉगिन केलं. दिवा पेटला. मी वहीत वेळ लिहिली, एक सोळा. फाइल निघाली. वीस टक्के. चाळीस. मी दिव्यावरून नजर काढली नाही. असलमभाई कागद कापायचे थांबले होते.

"एकसष्ट," अलफिया कुजबुजली. "बासष्ट."

एक तेहतीसला शंभर टक्के झाले. दिवा तसाच. दुसरी फाइल लावली. एक पन्नासला तीही गेली.

"झालं," असलमभाई हसत म्हणाले. "नूतनला इथेच बांधून ठेवा. रोज चहा देऊ."

मला हसू येत नव्हतं. मी मंगळवारी आले होते. सोळा दिवसांत एकही मंगळवार सुटला नव्हता. मी शेजारी असले की बिघाड होत नाही, हे भौतिकशास्त्रात बसत नाही. निदान इतक्या मोठ्या वस्तूंच्या बाबतीत तर नाहीच. खुर्चीत बसल्या बसल्या मला एकदम भीती वाटली की हा बिघाड कधीच सापडणार नाही. आणि त्याच क्षणी त्या भीतीत थोडी सुटकाही मिसळलेली जाणवली. ती मला आवडली नाही.

"नूतन," आतून खाला म्हणाल्या, "आज तुझी रिंग आली नाही गं. भिंत ठोकू की नको ठोकू? पलीकडे तुझी आई, लताबाई, वाट बघत असेल."

"खाला, मी इथेच आहे. रिंग कोण देणार?"

"तेच तर. आणि तू हल्ली दोन द्यायची सोडून एकच देतेस. कंजूस झालीस."

"मी दोनच देते, खाला."

"एक," खाला म्हणाल्या. "दिवाळीनंतर एकच येते, शुक्रवार सोडला तर. कानाने अधू नाही मी अजून. एक वाजते, मी एक ठोकते."

मी अलफियाकडे बघितलं. "तुटल्यानंतर फोन वाजतो?"

"हो, तुमची रिंग येते ना. मला वाटायचं, तिकडे तुम्हाला लॉगमध्ये दिसलं, म्हणून कळवताय."

वहीतला तो बुधवार. मी पिशवीतून दुसरी वही काढली, दौऱ्यांची. त्या बुधवारी मी रावेरला एका केळी व्यापाऱ्याकडे होते. दुपारभर त्यांच्या पॅकिंगच्या शेडमध्ये कॉम्प्युटर उघडून बसले होते. रिंग दिली नव्हती. रविवारी मी कार्यालयात नसते. रविवारीही रिंग देत नाही.

मी सगळ्यांच्या वेळा लिहिल्या होत्या. गिरणीवाल्याच्या झोपेचीसुद्धा. माझी स्वतःची वेळ कुठेच लिहिलेली नव्हती.

"असलमभाई, दिवाळीत फोनमध्ये काही बदल केला?"

"फोनमध्ये? नाही. हां, ते एक घेतलं. कॉल वेटिंग. अलफिया नेटवर बसली की गिऱ्हाइकाला एंगेज लागायचा, लोक ओरडायचे. मी अर्ज दिला. आता कुणाला एंगेज लागत नाही." ते अभिमानाने म्हणाले. "का? चांगलं केलं ना?"

समोर रस्त्यापलीकडे पिवळ्या पाटीचं एसटीडी बूथ आहे. "अलफिया, पुन्हा लॉगिन कर. दिवा पेटला की हात वर कर. विझला की खाली."

बूथमधून दुकानाचं दार सरळ दिसत होतं. अलफियाने हात वर केला. मी तिला बघत नंबर फिरवला. लाइन भरलेली होती, हे माझ्या डोळ्यांपुढे होतं. कानात मात्र रिंग वाजली, स्वच्छ, मोकळ्या लाइनची. पहिली रिंग संपायच्या आत अलफियाचा हात खाली आला.

"गेलं!" ती ओरडली.

दुसरी रिंग वाजली. या वेळी माझ्या कानात वाजली तशीच रस्त्यापलीकडून खऱ्या फोनची घंटाही ऐकू आली. मी रिसीव्हर ठेवला. मग आतून एक ठोका. खालांची काठी.

"लागला का?" बूथवाल्याने विचारलं.

"लागला," मी म्हणाले. "अजून दोनदा लावते."

एकदा झालेल्या गोष्टीवर मी विश्वास ठेवत नाही. दुसऱ्यांदा तेच झालं. पहिल्या रिंगेची नुसती एक टिकटिक लाइनवर जात होती, मोडेमला ती खपत नव्हती, तो सूर सोडून लाइन मोकळी करत होता, आणि मग दुसरी रिंग फोनपर्यंत पोचत होती. दोनातली एक अलफियाच्या फाइलने खाल्ली, उरलेली एक खालांनी ऐकली. दिवसातून एकदा, माझा डबा संपला की. बाकी दुपारी दुकानात कोणी फोन करत नव्हतं. एक ते तीन सगळं धुळं जेवतं आणि पडतं. तिसऱ्यांदाही तेच. अलफियाचा हात खाली, घंटा एक, ठोका एक.

मी रिसीव्हर ठेवत होते आणि आमचं दार उघडलं. आई बाहेर आली. लागोपाठ तीनदा एक-एक ठोका ऐकून ती आली असणार. तिने गल्लीत डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, मग समोर. बूथच्या काचेत मी उभी, हात अजून फोनवर.

"अवं बाई, तू आठेच शे का?" मी इथेच आहे का, असं तिने तिच्या अहिराणीत विचारलं.

मी रस्ता ओलांडून गेले. अलफिया दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली होती. तिला प्रत्येक गोष्ट लगेच हवी असते. "ताई, म्हणजे अब्बांचं वेटिंग बंद केलं की झालं?"

"नको, बंद नको करू. मोडेमच्या नंबरआधी एक कोड लावता येतो. नेटवर असेपर्यंत वेटिंग बंद राहतं, नंतर आपोआप सुरू. कोड बघून सांगते."

"मीच शोधते. टेलिफोनच्या पुस्तकात मागे छापलेले असतात, मी वाचलेत." मग तिने आवाज उतरवला. "आणि आता तर तुम्हीच येणार ना इकडे केंद्रावर. काकूंनी आजीला सांगितलं. मला शिकवाल?"

"कोणी सांगितलं?"

"काकूंनी. टेबल आणलं तेव्हाच."

मी आईच्या मागोमाग आत गेले. पुढच्या खोलीत चुन्याचा वास अजून होता. टेबलावर जुन्या साडीचा तुकडा पांघरलेला. आईने तो काढला, घडी घातली.

"सुतारले मीच सांगं, ही फळी सरकनी पाहिजे," ती म्हणाली. "अलफियानं टेबल दखेल व्हतं मी. तुन्हासाठे करेल शे."

"आई, तुला कोणी सांगितलं मी येणार म्हणून?"

"तूच." ती माझ्याकडे बघत राहिली. "रोज एक रिंग. एक म्हणजे येऊ ऱ्हायनी, अशेच ठरेल व्हतं ना आपलं? पहिले दोन-तीन दिन मी वाट दखी. जास्तीनी भाकर टाकी ठेवी. तू ऊनी नही. मंग माले समजनं. आजनं येणं नही, कायमनं येणं शे. तुले तोंडानी बोलता येस नही, लहानपणपाईन. म्हणून रिंग दी ऱ्हायनी."

ती हे सांगताना हसत होती. मुलीची एक जुनी खोड आपण बरोबर ओळखली, याचा आनंद होता तो.

मी स्टुलावर बसले. कॉल वेटिंग तिला कसं सांगावं, याचा विचार करत होते. शेवटी सरळ सांगितलं. मी रोज दोनच देत होते. पहिली वाटेत हरवत होती. असलमभाईंच्या फोनला दिवाळीनंतर एक सोय लागली आहे, त्यामुळे. अलफियाची फाइलही त्यामुळेच तुटत होती. मी दीड महिना शोधत होते आणि तो बिघाड मीच होते.

साडीचा तुकडा तिच्या मांडीवर होता, त्याची कड ती बोटांनी सारखी करत होती.

"म्हणजे तू दोनच देत व्हती," ती म्हणाली.

"हो."

"रोज?"

"रोज."

"बरी शे, एवढंच सांगत व्हती."

"हो, आई."

भिंतीपलीकडे खाला खोकल्या. त्या ऐकत होत्या, आणि अलफियाही असावी. एरवी तिच्या कीबोर्डचा आवाज भिंतीतून येतो, तो येत नव्हता. आईने टेबलाची फळी आत सरकवली. ती अर्ध्यात अडकली. आईने ती परत ओढली, परत आत लोटली, आणि या वेळी ती पूर्ण गेली.

"ती रिंग आते काही खरी नही," ती म्हणाली. भिंतीकडे बघत म्हणाली, माझ्याकडे नाही. "एक काय, दोन काय. तू समोर शे. आते तोंडानी सांग."

बिघाड सापडला की सांगते, असं मी बन्सीलालभाऊंना म्हणाले होते. तो सापडला होता. तीनदा तपासून घेतला होता. माझ्याकडे दुसरं काही शिल्लक नव्हतं.

"मी धुळ्याला येणार नाही, आई," मी म्हणाले. "मी जळगावलाच राहणार आहे. मला तिथे एकटीला बरं वाटतं."